चार रंगांची पत्रकं आणि सातची गाडी

पत्रक कसं लिहायचं हे मला कोणी झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. वर ठळक अक्षरात मागणी. खाली ती कोणाकडे आहे ते. त्याखाली कधी आणि कुठं जमायचं. 'विनंती' हा शब्द चुकूनसुद्धा वापरायचा नाही. नांदेडला कॉलेजात असल्यापासून मी एका समितीत हेच करत आले आहे. जळकोटकडच्या एका गावात आमच्या समितीच्या एकपानी पत्रकानं बंद पडलेलं नळाचं पाणी पुन्हा सुरू झालेलं मी स्वतः पाहिलं आहे. त्यामुळे कागदात ताकद असते यावर माझा विश्वास आहे. आत्याच्या गावानं तो खिळखिळा करायचा पुरेपूर प्रयत्न केला, तरी आहे.

आत्याचं गाव अगदी सीमेवर. निजामाच्या राज्यात हा सगळा एकच मुलूख होता. पुढं त्याचे तुकडे तीन राज्यांना गेले आणि हे गाव काठावर राहिलं. एका अंगाला तेलंगणा, दुसऱ्या अंगाला कर्नाटक, आणि महाराष्ट्र पाठीमागं, म्हणजे नावापुरता. कोणत्या घरात काय बोलतात ते बाहेरच्याला सांगायचं तर असं: आत्याच्या शेजारी तेलुगू, पलीकडच्या आळीत कन्नड, मशिदीकडं दखनी उर्दू, आत्याकडं मराठी. हे सांगण्यापुरतं झालं. प्रत्यक्षात आत्याचे यजमान, ज्यांना मी मामा म्हणते, ते बैलांना कन्नडमध्ये हाका मारतात, शेतावरच्या बायांशी तेलुगूत बोलतात, धर्माबादच्या मिरची बाजारात भाव दखनीत करतात आणि चिडले की मराठीत येतात. माझ्याशी ते कायम मराठीत बोलतात.

या गावातून तालुक्याला सकाळी सातला एसटीची एक गाडी जायची. दसऱ्याच्या सुमारास ती बंद झाली. कारण कोणी सांगितलं नाही. एक दिवस आली नाही, दुसऱ्या दिवशी आली नाही, मग गावानं वाट बघायचं सोडलं. याचाच मला संताप येतो. हे गाव तक्रार करत नाही, सवय लावून घेतं. ज्याच्याकडं मोटारसायकल आहे तो तिच्यावरून जायला लागला, बाकीचे जीपमध्ये कोंबून. जीप भरेल तेव्हा सुटायची, आणि ती नऊच्या आत कधी भरायची नाही.

माझी आतेबहीण बारावीला. कॉलेज तालुक्याला आणि सकाळचं. तिचे पहिले तास बुडत गेले, मग दुसरेही. शेवटी मामांनी जाहीर केलं की पोरीच्या जातीनं जीपमध्ये बाप्यांच्या मांडीला मांडी लावून जायचं नाही. गाडी सुरू झाली तर ठीक, न्हाई तर संक्रांतीपासून घरी बसायचं. बिलोलीकडचं एक स्थळ सांगून आलं होतं. त्या स्थळाला मुलगी बारावी झालेली हवी अशी काही अट नव्हती.

फोन तिनंच केला. रडली वगैरे नाही. म्हणाली, "अक्का, तू समद्या गावांचं करून राहिलीस. आमचं कधी?"

मी आधी आगारात गेले. तिथले साहेब नम्र निघाले. उर्मट अधिकारी परवडतो, त्याच्यावर पत्रक काढता येतं. नम्र माणूस पाणी विचारतो आणि आपल्याला रिकाम्या हातानं बाहेर पाठवतो. ते म्हणाले की गावाचा ठराव आणा, लगेच वर पाठवतो, पण चार टाळकी बसवून केलेला ठराव नको. त्या गावात एका आळीनं काही मागितलं की दुसरी म्हणते आम्हाला कुणी विचारलं. सगळ्या आळ्यांच्या सह्या आणि अंगठे पाहिजेत.

म्हणजे ग्रामसभा भरली पाहिजे. आणि आत्याच्या गावात ग्रामसभेला सरपंच, ग्रामसेवक आणि पंख्याखाली झोपायला येणारे दोघं, एवढेच असतात.

नांदेडला आमची बैठक झाली. मी मुद्दा मांडला की सीमेवरच्या माणसाशी सरकार त्याच्या भाषेत कधीच बोलत नाही, म्हणून तो सभेला येत नाही. आपण बोलू. चार भाषांत पत्रक काढू. हा मुद्दा बरोबर होता. आजही बरोबर आहे, आणि पुढं जे झालं त्यानं तो चूक ठरत नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. रेल्वे कॉलनीतल्या एका मैत्रिणीच्या आईनं तेलुगू करून दिलं, एका निवृत्त प्राध्यापकांनी कन्नड, उर्दूची सोय छापखान्यातच झाली. छापखानेवाला अनुभवी. म्हणाला, ताई, तुम्हाला यातलं काही वाचता येत नाही, वाटताना घोळ कराल, रंग वेगळे घ्या. म्हणून मराठी पांढऱ्यावर, तेलुगू पिवळ्यावर, कन्नड गुलाबीवर. उर्दूसाठी हिरवा कागद त्यानं न विचारताच काढून ठेवला होता.

गावात वाटायला आत्या पुढं आणि मी मागं. आत्या सारखी म्हणत होती, "बाई, तोंडानं सांग ना. रविवारी सभेला या म्हण. झालं की." मी तिला समजावलं की तोंडी सांगितलेलं माणूस विसरतो, कागद घरात राहतो. मग ती दारोदार मला सांगत गेली की हे घर तेलुगू, हे कन्नड, हे मूळचं कन्नड पण आता तेलुगू बोलतात. एका घरात सासरा तेलुगू आणि सासू कन्नड निघाली. तिथं मी दोन्ही दिले आणि सोयीनं घ्या म्हटलं. सासूसासरे एकमेकांकडं बघत राहिले. मला वाटलं, पहिल्यांदाच कोणी त्यांची एवढी दखल घेतली म्हणून भारावले असतील.

दुपारी जेवायला बसतो तोच मशिदीजवळचे शिंपीचाचा हिरवा कागद घेऊन दारात. चाचा आणि मामा बालपणापासूनचे दोस्त. त्यांनी कागद माझ्यापुढं धरला.

"बेटी, मैं तेरे मामा के बाजू में बैठके मराठी शाळा पढा. मेरेकू उर्दू कब आयी? ये हरा हमकुच कायकू?"

तेव्हा मला कळलं, आणि मला तेव्हा जे वाटलं ते छापता येणार नाही. या गावात शाळा एकच आहे. जिल्हा परिषदेची, मराठी. पिवळ्या कागदवाल्यांनी जन्मभर तेलुगूत भांडणं केली आणि सही मराठीत केली. गुलाबीवाल्यांनी लेकरांना कन्नडमध्ये झोपवलं आणि पाढे मराठीत म्हणून घेतले. तेलुगू अक्षर त्यांना तेवढंच परकं होतं जेवढं मला. मी घरोघरी जाऊन त्यांच्याच भाषेतला, त्यांना वाचता न येणारा कागद देऊन आले होते. आत्याला हे माहीत होतं. ती म्हणाली, मला वाटलं तुम्हा शिकलेल्या लोकांचं काहीतरी कारण असंल.

कोणाला वाचता आलं नाही हे एक वेळ चाललं असतं. पण रंग लांबून दिसत होते. कुणाला कोणता मिळाला हे अख्ख्या गावाला दिसत होतं. संध्याकाळपर्यंत पारावर ठरून गेलं की पिवळेवाल्यांना तेलंगणात टाकणार आहेत. गुलाबीवाल्यांचं रेशन दुसरीकडं जाणार आहे. हिरव्याबद्दल कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं, आणि ते जास्त वाईट होतं. पांढऱ्या कागदात तर सरळ मराठीत लिहिलं होतं की गाडी सुरू करा, सभेला या. पण पांढरेवाल्यांचाही विश्वास बसेना. एवढंच असतं तर चार रंग कशाला काढले असते? खरी गोष्ट बाकीच्यांच्या कागदात असणार.

मी पारावर जाऊन ओरडून सांगितलं की सगळ्यांत एकच आहे. एकानं शांतपणे विचारलं, "तुम्हाला वाचता येतंय का ताई हे पिवळं?" नाही येत म्हटलं. "मग तुम्हाला काय ठाऊक त्यात काय हाय ते?"

मैत्रिणीच्या आईवर माझा विश्वास आहे, असं सांगायचं?

मामा घरी आले ते मराठीतच. पाहुणी म्हणून आली आन् गाव रंगवून गेली, एवढं मला म्हणाले. मग आत वळून पोरीला म्हणाले की तुझ्या एका गाडीपायी शेजारी माझ्याशी बोलंना झालाय. आता गाडी आली तरी तू जायाची न्हाई. संक्रांतीची वाट कशाला बघायची, त्या बिलोलीवाल्यांना बोलावून घेऊ. ती चुलीपाशी बसून माझ्याकडं बघत होती. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

रविवारी मी ग्रामसभेला गेले ती मार खायच्या तयारीनं. आणि शाळेच्या पटांगणात पाय ठेवायला जागा नव्हती.

अख्खं गाव आलं होतं. प्रत्येकाच्या हातात कागद. ग्रामसेवकानं एवढी माणसं एका जागी पाहिलेली नव्हती, त्यानं आधी सगळ्यांचे फोटो काढून घेतले. बायासुद्धा आल्या होत्या, वर्गाच्या भिंतीला टेकून दाटीनं बसलेल्या. कुणीही गाडीसाठी आलेलं नव्हतं. सगळे आले होते दुसऱ्याच्या कागदात काय आहे ते ऐकायला.

सरपंचांनी मला पुढं बोलावलं आणि म्हणाले, वाचा. चारीबी वाचा. मी पांढरा वाचला. तो कुणी ऐकलाच नाही. मग पिवळा माझ्या हातात दिला गेला. मी तो धरून उभी राहिले. माझ्याच समितीचं, माझंच पत्रक, आणि मला त्यातलं एक अक्षर लागत नव्हतं. मागून कोणीतरी म्हणालं, उलटा धरलाय बघा. मी पटकन फिरवला. तो सुलटाच होता. आता उलटा झाला. हसणं थांबायला वेळ लागला.

तेवढ्यात बायांच्या बाजूनं आतेबहिणीचा आवाज आला. "वहिनी वाचती."

वहिनी म्हणजे शेजारच्या आप्पांची सून. ज्यांच्याशी मामांचं बोलणं थांबलं होतं तेच हे आप्पा. ही बोधनकडून लग्न होऊन आलेली, तिकडं तेलुगू शाळेत शिकलेली, म्हणे बी.ए.सुद्धा झालेली. माझ्या डोक्यात त्या क्षणी उजेड पडला आणि स्वतःचाच राग आला. या गावात तेलुगू वाचणारी माणसं होती. कन्नड वाचणारीही होती. ती सगळी सीमेपलीकडून आलेल्या सुना होत्या, आणि मी दारात उभी राहून घरातल्या कर्त्या पुरुषाच्या हातात कागद देऊन आले होते. आमच्या समितीची एक बैठक फक्त स्त्रियांच्या सहभागावर झालेली आहे, हे मुद्दाम सांगते.

वहिनी उठेना. सासरा पुढंच बसलेला. सगळं पटांगण आप्पांकडं बघायला लागलं. आप्पांना त्या कागदात काय आहे ते कळायलाच पाहिजे होतं, आणि सुनेनं गावापुढं बोलायला नको होतं. शेवटी मान वर न करता ते म्हणाले, "चदुवम्मा." वाच बाई.

तिनं वाचलं. पदर दातात धरून सुरुवात केली, दुसऱ्या ओळीला पदर सुटला. वाचताना तिचा आवाज वेगळा होता, एखादं पाठ केलेलं गाणं सापडावं तसा सरसर. मग तिनं मराठीत सांगितलं. गाडी सुरू करा. सातला. रविवारी सभेला या. बस, एवढंच हाय. गुलाबी कागद औरादकडून आलेल्या एका सुनेनं वाचला, तीच गोष्ट. हिरव्याला सून सापडेना. शेवटी मामांच्या वडिलांना खुर्चीसकट उचलून आणलं. त्यांची शाळा निजामाच्या काळातली, उर्दूतली. नव्वदीच्या पुढचा माणूस, भिंग लावून, मशिदीकडच्या आळीचा कागद त्या आळीला वाचून दाखवायला लागला. चाचा शेजारी उकिडवे बसून माना हलवत होते. तीच गाडी, तेच सात.

सुटकेचा श्वास वगैरे कुणी टाकला नाही. लोक निराश झाले. एवढंच होतं तर आमचा रविवार कशाला घातला, असं दोघातिघांनी बोलून दाखवलं. काही उठायलाही लागले.

पण वहिनी बसली नव्हती. पिवळा कागद तिच्या हातातच होता. ती कोणाकडं न बघता बोलली, "माझी पोरगी शाळेत जायाला लागली. ह्या गावात आल्यापासून माझ्या अक्षरातला हा पहिला कागद हातात आला. तो पण गाडीचा."

उठलेले खाली बसले. मी बऱ्याच सभा केल्या आहेत. असं वाक्य माझ्या एकाही पत्रकात नाही.

मग ती म्हणाली की गाडी पाहिजेच. मला पण पाहिजे. पण सातला नको, दहाला. सातला कोणत्या बाईचं काम उरकतं? दहाची असेल तर आम्ही माहेरी जाऊ, दवाखान्यात जाऊ. भिंतीजवळच्या सगळ्या बायांनी एकदम दुजोरा दिला, आपापल्या भाषेत. सरपंचांनी लगेच सांगून टाकलं की मग दहाचा ठराव घ्या. ग्रामसेवकानं लिहायला सुरुवातही केली.

मी मध्ये पडले. सात, कॉलेज, शिक्षणाचा हक्क, सगळं बोलले. आणि बोलता बोलता मला दिसत होतं की मी बायांच्या मागणीच्या विरोधात उभी आहे आणि माझ्या बाजूनं फक्त दूध घालायला जाणारे दोन बाप्ये आहेत.

आतेबहीण उठली. मामा पुढच्या रांगेत. ती वहिनीकडं बघून तेलुगूत काहीतरी बोलली, दोनच वाक्यं. सगळं पटांगण हसलं. कन्नडवाले, मशिदीकडचे, सगळे. मला एकटीलाच कळलं नाही आणि मला आत्याला विचारावं लागलं.

ती म्हणाली होती, "वहिनी, दहाच्या गाडीनं गेले तर मला नुसती मधली सुट्टी मिळती. डबा खायाला तालुक्याला जाऊ का?"

मामाही हसले होते. मी पाहिलं. हसून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी तोंड आवरलं, पण उशीर झाला होता. आप्पांनी त्यांच्याकडं वळून, इतक्या दिवसांनी पहिल्यांदा, काहीतरी म्हटलं. पोरगी तुझ्यावर गेली, अशा अर्थाचं. अख्ख्या गावापुढं पोरीच्या कॉलेजच्या डब्यावर हसलेल्या बापाला घरी जाऊन ते कॉलेज बंद करणं अवघड असतं. वहिनीनं म्हटलं, बरं, सातची घ्या, पण दुपारी ती गावात येऊन परत तालुक्याला गेली पाहिजे, आम्ही दुपारी जाऊ. ठराव झाला. सह्या आणि अंगठे झाले, पांढऱ्या कागदावर, सगळ्यांचे एकाच. लोकांनी जाताना रंगीत कागद माझ्या पिशवीत परत टाकले. पिवळे सगळे आले नाहीत.

गाडी सुरू झाली. लगेच नाही, मला अजून चकरा माराव्या लागल्या, साहेबांनी अजून बरंच पाणी पाजलं. नांदेडला समितीच्या अहवालात लिहिलं गेलं की चार भाषांतल्या पत्रकांचा प्रभावी वापर करून ग्रामसभेत विक्रमी उपस्थिती साधली. मी ते वाक्य खोडायला सांगितलं. त्यात खोटं काय आहे ते सांग, म्हणाले. वाक्य तसंच राहिलं.

मामांनी पोरीला कॉलेजात जायला परवानगी दिली असं कोणी समजू नये. त्यांनी तो विषय काढणं बंद केलं. आणि संक्रांत आली तेव्हा त्यांना तो काढताही येईना. झालं असं की तालुक्याच्या स्टँडवर तेलुगू पेपर मिळतो. वहिनीनं आतेबहिणीला सांगितलं, येताना आणत जा. ती रोज आणायला लागली. दुपारी वहिनी ओट्यावर बसून वाचते, आणि आप्पा शेजारी बसून ऐकतात. आप्पा जन्मभर तेलुगू बोलले, पण आपल्या भाषेतली बातमी घरात आलेली त्यांनी म्हातारपणी पहिल्यांदा ऐकली. आता दुपार झाली की ते कुंपणापाशी येऊन मामांना विचारतात, पोरगी आली का? एक दिवस ताप होता म्हणून ती गेली नाही, तर आप्पा दोनदा विचारून गेले. बिलोलीवाले आले तेव्हाही ते कुंपणापाशी होते. मामांनी पाहुण्यांना सांगितलं की बारावी होऊ द्या, मग बघू.

हे सगळं छान आहे असं मला लोक सांगतात. मला छान वाटत नाही. एका मुलीचं शिक्षण शेजारच्या घरात पेपर लागतो यावर टिकायचं? ते तिचं म्हणून टिकायला नको? हेच मी तिला परवा सकाळी फोनवर विचारलं. म्हटलं, बारावी झाल्यावर काय करशील? पुढच्या कॉलेजला कोण कुंपणापाशी उभं राहणार?

ती म्हणाली, "तवर आप्पांना रविवारच्या पुरवणीची बी सवय लागंल अक्का."

मी म्हटलं, हे काय उत्तर झालं? पण पलीकडून हॉर्न ऐकू आला, आणि तिनं फोन ठेवला. सात वाजले होते.